एअर सस्पेन्शनच्या गाडीत लोअरिंग मॉड्यूल: मोजमाप, जोडणी आणि जुळवणी

एअर सस्पेन्शन असलेली गाडी स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी एअर स्प्रिंगवर उभी असते. तिच्यात चाकांपाशी उंची मोजणारे हाइट सेन्सर असतात. बॉडीला बसवलेली एक छोटी डबी, तिच्यातून निघालेली दांडी आणि ती दांडी सस्पेन्शनच्या आर्मला जोडणारी बारीक लिंक, एवढाच त्याचा पसारा. गाडी खाली-वर झाली की दांडीचा कोन बदलतो, त्यानुसार सिग्नल बदलतो आणि एअर स्प्रिंगमध्ये हवा भरायची की सोडायची हे कंट्रोल युनिट ठरवते. लोअरिंग मॉड्यूल सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांच्या मध्ये बसते आणि सिग्नल थोडा सरकवून पुढे पाठवते. गाडी नेहमीच्या उंचीवर असली तरी कंट्रोल युनिटला ती, समजा, २० मिमी उंच दिसते. मग ते हवा सोडत राहते आणि सिग्नल पुन्हा ठीक दिसेपर्यंत गाडी २० मिमी खाली येते.

थोडक्यात, कंट्रोल युनिटला मुद्दाम चुकीचे माप दिले जाते. त्याच मापावर गाडीत बरेच काही चालते: हायवेवर गाडी आपोआप खाली बसणे, हेडलाइटचा कोन, जॅक लावल्यावरचे संरक्षण, बिघाड ओळखणे. नवखी मंडळी मॉड्यूलच्या ॲपमध्ये मिलिमीटरचा आकडा टाकण्यात रमतात आणि हे सगळे विसरतात. प्रत्यक्ष जोडणी दोन-तीन तासांत होते. खरी मेहनत आधीच्या मोजमापात आणि नंतरच्या जुळवणीत आहे, म्हणून या लेखातही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी ठरवा: तुमच्या गाडीला हे चालेल का?

पुढे आणि मागे, दोन्ही ॲक्सलवर एअर स्प्रिंग असतील तरच मॉड्यूलचा उपयोग. मर्सिडीजची एअरमॅटिक, ऑडीची अडॅप्टिव्ह एअर सस्पेन्शन, रेंज रोव्हर, पोर्शे पॅनामेरा आणि कायेनच्या एअर सस्पेन्शनच्या आवृत्त्या, बीएमडब्ल्यूची जी११ आणि जी१२ पिढीची ७ सिरीज या गटातल्या. एकाच मॉडेलच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये एअर सस्पेन्शन नसते, त्यामुळे गाडीचे नाव पाहून खरेदी करू नका. चाकाच्या कमानीत टॉर्च मारून रबरी बेलो, म्हणजे एअर स्प्रिंगची हवेने फुगणारी बाही, दिसतो का ते पाहा. स्टीलची स्प्रिंग आणि इलेक्ट्रॉनिक डॅम्पर (शॉक अबसॉर्बर) असा जोड असेल, तर डॅम्पर कडक-मऊ होतील, पण उंची बदलणार नाही. तिथे मॉड्यूल काहीही करू शकत नाही.

काही गाड्यांत फक्त मागे एअर स्प्रिंग असतात. बीएमडब्ल्यू एक्स५ च्या एफ१५ पिढीत हा प्रकार आढळतो. तिथे मॉड्यूल लावले तर मागची बाजू बसेल आणि पुढची तशीच राहील. मर्सिडीजची जुनी हायड्रॉलिक एबीसी यंत्रणा हा वेगळाच विषय आहे. तिथे सुमारे २०० बारचा तेलदाब असतो. घरी शिकताना तिच्या वाटेला जाऊ नका.

उंची बदलण्याचे तीन मार्ग

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे सेन्सरची लिंक बदलून कमी-जास्त लांबीची, आट्यांवर फिरणारी लिंक बसवणे. काम होते, पण उंची कायमची बदलते, आणि चिखल-पाण्यात त्या लिंकचे बॉल जॉइंट ढिले झाले की एक कोपरा हळूहळू सरकू लागतो.

दुसरा मार्ग स्कॅनरने (गाडीच्या कंट्रोल युनिटशी बोलणाऱ्या उपकरणाने) लेव्हल कॅलिब्रेशन, म्हणजे साठवलेले उंचीचे मूळ माप, बदलण्याचा. ऑडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून कंट्रोल युनिटमध्ये भरतात. प्रत्यक्षापेक्षा २० मिमी जास्त आकडा भरला की गाडी तेवढी खाली बसते. एकही वायर कापावी लागत नाही. कमी प्रमाणात, कायमस्वरूपी खाली ठेवायची असेल तर हा मार्ग मॉड्यूलपेक्षाही बरा. मात्र रोज घरच्या रॅम्पवर एक उंची आणि रस्त्यावर दुसरी हवी असेल, तर तो सोयीचा नाही.

तिसरा मार्ग मॉड्यूलचा. यात दोन जाती आहेत. एक प्रकार सेन्सरचा ॲनालॉग सिग्नल सरकवतो, दुसरा कॅन बसवर, म्हणजे गाडीतली युनिट एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या जाळ्यावर, जाऊन उंचीचे संदेश बदलतो. कॅनवरचे मॉड्यूल नेमक्या मॉडेलसाठी आणि कंट्रोल युनिटच्या सॉफ्टवेअरसाठी बनलेले असावे लागते, जवळपासचे चालत नाही. काही गाड्यांचे सेन्सर व्होल्टेजऐवजी पल्सच्या रुंदीत माप पाठवतात. तिथे ॲनालॉग मॉड्यूल निरुपयोगी. नवख्यांनी आपल्याच मॉडेलसाठी बनलेल्या, कंपनीसारख्याच कनेक्टरच्या हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) मॉड्यूल घ्यावे. वायर सोलून जोडायचे युनिव्हर्सल मॉड्यूल स्वस्त पडते, पण पुढे होणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच त्या जोडांतूनच येतात.

किती खाली? हिशेब करून ठरवा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ३ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराची) गाडी त्यावर चारही चाकांनी उभी राहिली की मधला भाग चाकांच्या रेषेपेक्षा सुमारे ६६ मिमी वर येतो. एस-क्लासच्या आधीच्या पिढीतल्या ३.१६५ मीटरच्या लांब आवृत्तीत हाच आकडा ७४ मिमी होतो. तुमच्या सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स १२० मिमी असेल, तर ३ मीटरच्या गाडीखाली ५४ मिमी उरतात. ३० मिमी खाली केल्यावर २४ उरतील. त्यात मागच्या सीटवर तिघे, डिकीत सामान आणि गतिरोधकावरून उतरताना दबणारे सस्पेन्शन धरा. एअर सस्पेन्शन वजन सावरून घेते, पण क्षणिक दबणे सावरत नाही.

हे झाले मानकातल्या गतिरोधकाचे. आपल्याकडे गल्लीत, शाळेसमोर, सोसायटीच्या गेटवर जे उभे केलेले असतात ते याहून अरुंद आणि उभट असतात. म्हणून महाराष्ट्रात रोज चालणाऱ्या सेडानसाठी १५ ते २० मिमी ही मर्यादा शहाणपणाची. एसयूव्हीत २५-३० मिमी चालतात. त्याहून खाली फक्त प्रदर्शनात किंवा पार्किंगमध्ये उभी असताना. आणि उंच करण्याचे कंपनीचे बटण मॉड्यूल लावल्यावरही चालले पाहिजे. ते ज्या मॉड्यूलमध्ये बंद पडते, ते घेऊ नका.

अजून एक हिशेब नेहमी सुटतो. बऱ्याच सेडान हायवेवर ठरावीक वेगानंतर स्वतःहून साधारण १५ ते २० मिमी खाली बसतात. मॉड्यूलचे २० मिमी त्यात मिळवले की समृद्धी महामार्गावर गाडी मूळ उंचीपेक्षा ३५-४० मिमी खाली पळत असते, बंप स्टॉपच्या (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ते जिथे टेकते त्या रबरी ठोकळ्याच्या) जवळ. चांगल्या मॉड्यूलमध्ये वेग वाढला किंवा स्पोर्ट मोड लागला की सरकवलेले माप कमी करण्याची सोय असते. ती आहे का, हे खरेदीआधीच विचारा.

बसवण्याआधी गाडीची तब्येत

जुन्या, गळक्या सस्पेन्शनवर मॉड्यूल लावले की जी दुरुस्ती वर्षभराने आली असती ती महिन्यात येते. त्यामागे कारण आहे. एअर स्प्रिंगचा रबरी बेलो खाली गुंडाळून दुमडलेला असतो आणि गाडी नेहमी एकाच उंचीवर चालत असल्याने तो एकाच पट्ट्यात दुमडतो. उंची बदलली की घडी दुसऱ्या जागी जाते, जिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि बारीक वाळू साचलेली असते. रबर आधीच तडकलेले असेल तर ते तिथे फाटते. म्हणून गाडी पूर्ण वर करून चारही बेलो पाण्याने धुवा, कापडाने पुसा आणि घडीच्या आसपास बारीक भेगा दिसतात का ते पाहा. पेट्रोल, डिझेल, ग्रीस रबराला लावू नका.

मग हे करा:

सपाट जागा शोधा. पेट्रोल पंपावरची फरशी उतरती असते, ती नको. चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरा, कारण टायरमध्ये हवा कमी असेल तर बॉडीची जमिनीपासूनची उंची फसवते. गाडी नॉर्मल मोडमध्ये, दरवाजे बंद, कोणी आत नाही. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका. मर्सिडीजचे अधिकृत मोजमाप आर्मच्या कोनावरून होते, पण आधी-नंतरची तुलना करायला चाकाच्या मध्यापासूनचे माप तिथेही पुरते.

गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी दरवाजा उघडण्याआधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा १० मिमीपेक्षा जास्त बसला असेल तर गळती आहे. साबणाचे पाणी ब्रशने बेलो, वरचा जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर (चारही स्प्रिंगना हवा वाटणाऱ्या ठोकळ्यावर) लावा. फुगे दिसले की आधी ते काम.

नॉर्मलवरून उंच मोडवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून नोंदवा. पुढे कधी कंप्रेसर थकला असे वाटले तर तुलनेला हाच आकडा कामी येतो. कंप्रेसरचा इनटेक फिल्टर धुळीने चोंदला असेल तर तो बदला. विदर्भाच्या उन्हाळ्यात कंप्रेसर तापून स्वतःला बंद करतो. त्याला बिघाड समजू नका, पण अशा दिवशी जुळवणी करायला बसू नका. कोकणात उलट प्रश्न असतो. दमट हवेने ड्रायरमधले (कंप्रेसरच्या हवेतला ओलावा शोषणाऱ्या डबीतले) दाणे संपृक्त होतात आणि ओलावा व्हॉल्व्हपर्यंत पोचतो. ड्रायर बरीच वर्षे बदलला नसेल तर आत्ताच बदला.

शेवटी स्कॅनर लावून सस्पेन्शनचे सगळे फॉल्ट कोड वाचा. त्यांचा फोटो काढा आणि मगच पुसा. जुना कोड नंतर मॉड्यूलच्या माथी मारला जातो.

सेन्सरची दिशा आणि मर्यादा

ॲनालॉग सेन्सरला साधारणपणे ५ व्होल्टचा पुरवठा, एक ग्राउंड आणि एक सिग्नल अशा तीन वायर असतात. सिग्नलचा वापरण्याजोगा टप्पा साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट. त्याच्या बाहेर गेला की कंट्रोल युनिट वायर तुटली किंवा शॉर्ट झाली असे समजते.

इग्निशन चालू ठेवून स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये चारही सेन्सरचे व्होल्टेज नॉर्मल आणि उंच मोडमध्ये लिहून घ्या. एक उदाहरण घेऊ. पुढचा डावा सेन्सर नॉर्मलला २.६ आणि उंच मोडला ३.० व्होल्ट, पुढचा उजवा २.४ आणि २.० व्होल्ट, आणि उंचीतला फरक २५ मिमी. यातून दोन गोष्टी कळतात. डावा सेन्सर उंची वाढली की चढतो, उजवा उतरतो. डावे-उजवे सेन्सर आरशासारखे उलटे बसवलेले असल्याने हे नेहमीचेच आहे. दुसरे म्हणजे ०.४ भागिले २५, म्हणजे एका मिलिमीटरला १६ मिलिव्होल्ट.

२० मिमी खाली आणायचे तर मॉड्यूलला डाव्या सिग्नलमध्ये ०.३२ व्होल्ट मिळवायला आणि उजव्यातून तेवढेच वजा करायला सांगायचे. आता चाक पूर्ण लटकल्यावर डावा सेन्सर ४.१ दाखवत असेल, तर मॉड्यूलनंतर तो ४.४२ दाखवेल. अजून मर्यादेत आहे. ३० मिमीसाठी तो ४.५८ होतो, म्हणजे टप्प्याबाहेर. खूप खाली केलेली गाडी सरळ रस्त्यावर ठीक चालते आणि मोठ्या खड्ड्यात चाक लटकले की अचानक लाल संदेश देते, त्याचे कारण बहुधा हे असते. काही मॉड्यूल स्वतःच आउटपुट ४.४ च्या आसपास रोखून धरतात. तुमचे तसे नसेल तर या हिशेबाने मर्यादा ठरवा.

जोडणी

लागणारे सामान: स्कॅनर, मल्टिमीटर, प्लास्टिकच्या ट्रिम पट्ट्या, टॉर्क्स बिटचा संच, मेजरिंग टेप, केबल टाय, कापडी वायरिंग टेप आणि बॅटरी चार्जर. युनिव्हर्सल मॉड्यूल असेल तर क्रिम्पिंग पक्कड आणि गोंद असलेल्या हीट श्रिंक नळ्याही.

गाडी नॉर्मल उंचीवर सपाट उभी करा. कंट्रोल युनिट बऱ्याच सेडानमध्ये डिकीच्या बाजूला किंवा पुढच्या प्रवाशाच्या पायाखालच्या कार्पेटखाली असते. नेमकी जागा वायरिंग डायग्राममध्ये पाहा. अंदाजाने ट्रिम उचकटत बसलात तर क्लिपा तुटतात. ट्रिम काढून झाल्यावर इग्निशन बंद करा, चावी गाडीपासून दूर ठेवा आणि अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी युनिट झोपी जातील. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. डिकीचे कुलूप विजेवर चालते, म्हणून डिकी बंद करण्याआधी ती उघडायची सोय पाहून ठेवा.

कंट्रोल युनिटच्या कनेक्टरला खटक्याची कुंडी असते. ती पूर्ण उघडा आणि कनेक्टर सरळ ओढा, वायर धरून ओढू नका. पिनांकडे नीट पाहा. हिरवट गंज दिसला तर पाणी आत येते आहे. पावसाळ्यात एसीची ड्रेन नळी किंवा सनरूफची नळी तुंबली की कार्पेटखाली पाणी साचते, हे आपल्याकडे सर्रास होते. आधी पाण्याचा बंदोबस्त, मग कॉन्टॅक्ट क्लीनर, मग मॉड्यूल.

हार्नेसचे एक टोक गाडीच्या कनेक्टरला, दुसरे कंट्रोल युनिटला. कुंडी शेवटपर्यंत बसल्याचा आवाज आला पाहिजे. मॉड्यूलची डबी अशी बांधा की तिची वायर खालच्या बाजूने बाहेर येईल, म्हणजे पाणी वायरवरून डबीत उतरणार नाही. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींजवळ किंवा सीटच्या सरकणाऱ्या रुळाजवळ ती बांधू नका. दुहेरी टेपवर विसंबू नका. उन्हात उभ्या गाडीत तो सुटतो. केबल टाय हवाच.

युनिव्हर्सल मॉड्यूल असेल तर सिग्नलची वायर कापून एक टोक मॉड्यूलच्या इनपुटला आणि दुसरे आउटपुटला जोडावे लागते. ५ व्होल्टची आणि ग्राउंडची वायर कापायची नाही, त्यांना फक्त फाटा द्यायचा. मॉड्यूलचे ग्राउंड सेन्सरच्याच ग्राउंडला द्या, बॉडीच्या बोल्टला नाही. बॉडी आणि सेन्सरच्या ग्राउंडमध्ये काही दशांश व्होल्टचा फरक पडला तरी तो वरच्या उदाहरणात १०-१५ मिमीची चूक ठरतो, आणि एसी किंवा लाइट लावले की गाडी खाली-वर व्हायला लागते. वायरला टोचून बसणाऱ्या चिमट्याच्या निळ्या क्लिपा सिग्नलच्या वायरवर कधीही वापरू नका. त्या दोन पावसाळे टिकत नाहीत.

पहिली सुरुवात: शून्यावर

बॅटरी जोडण्याआधी ॲप किंवा रिमोटवरून शक्य असेल तर, नाहीतर जोडल्यावर लगेच, चारही कोपऱ्यांचे सरकवलेले माप शून्य करा. इंजिन चालू करा, दरवाजे आणि बॉनेट बंद ठेवा. अनेक गाड्या दरवाजा उघडा असताना उंची बदलत नाहीत, आणि नवख्यांचा अर्धा तास यातच जातो. फॉल्ट कोड वाचा. चारही सेन्सरचे लाइव्ह आकडे वहीतल्या आकड्यांशी जुळायला हवेत. शून्यावर असताना गाडी आधीच्या उंचीपासून ३-४ मिमीपेक्षा जास्त सरकली असेल तर ग्राउंड किंवा जोड चुकला आहे. पुढे जाऊ नका.

आता चारही कोपरे फक्त १० मिमी खाली. गाडी उलट वर गेली तर त्या ॲक्सलची दिशा उलटी भरली गेली आहे. डावी बाजू खाली आणि उजवी वर असे झाले तर एका बाजूची दिशा चुकली आहे. गाडी पुन्हा पुन्हा डोलत सावरायचा प्रयत्न करत असेल तर डावे-उजवे चॅनेल अदलाबदल झाले आहेत: डाव्या चाकाचे माप उजव्या व्हॉल्व्हला मिळते आणि दोन्ही बाजू एकमेकींचा पाठलाग करतात. लगेच इंजिन बंद करा, नाहीतर कंप्रेसर तापेल.

१० मिमी ठीक बसले की गाडी एक-दोन किलोमीटर चालवून आणा आणि मगच मोजा. जागच्या जागी खाली येताना टायर थोडे बाहेर सरकायला बघतात, पण जमिनीला धरून राहतात, त्यामुळे उभ्या गाडीचे माप काही मिलिमीटर खोटे येते. त्यानंतर ५-५ मिमीच्या टप्प्याने ठरवलेल्या उंचीवर जा.

चार कोपरे जुळवताना

सर्वात जास्त वेळ इथे द्या. एकाच ॲक्सलवर डाव्या-उजव्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. पण नुसत्या मापावर थांबू नका. तीन कोपरे बरोबर आणि चौथा जरा उंच असेल, तर तो आणि त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा जास्त वजन घेतात आणि उरलेले दोन हलके होतात. बाहेरून गाडी सरळ दिसते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की ती एका बाजूला खेचते.

स्कॅनरमध्ये प्रत्येक एअर स्प्रिंगचा दाब दिसत असेल तर तो पाहा. डावा-उजवा दाब जवळपास सारखा हवा. ड्रायव्हरच्या बाजूला थोडा जास्त असणे स्वाभाविक आहे. पुढे डावीकडे जास्त आणि मागे उजवीकडे जास्त असा तिरका नमुना दिसला तर डावा पुढचा कोपरा १-२ मिमी खाली करा आणि पुन्हा मोजा. मॉड्यूलशिवायच्या मूळ दाबांची नोंद असेल तर आणखी उत्तम. कारखान्यातून आलेली विषमता तुम्ही दुरुस्त करायला जायचे नसते.

पुढे-मागे किती फरक ठेवायचा? मूळ गाडीत जो होता तोच. पुढे जास्त खाली केले की गाडी रुबाबदार दिसते, पण हेडलाइटचा कोन बिघडतो. मॉड्यूलमुळे हेडलाइटच्या यंत्रणेलाही उंची जुनीच दिसते. चारही कोपरे सारखे खाली गेले तर गाडीचा पुढे-मागचा उतार बदलत नाही आणि प्रकाश ठीक पडतो. पुढचे जास्त झाले तर गाडी नाक खाली घालते, यंत्रणेला ते कळत नाही आणि प्रकाश आखूड होतो. मागचे जास्त झाले तर समोरच्याचे डोळे दिपतात. हेडलाइटच्या घराच्या वर टक्केवारी छापलेली असते. १.० टक्के म्हणजे १० मीटरवर प्रकाशाची कड १० सेंमी खाली. भिंतीसमोर गाडी उभी करून तपासा आणि गरज असल्यास स्क्रूने जुळवा.

स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, सगळ्यात खालच्या उंचीवर, टायर आणि आतल्या प्लास्टिकमध्ये बोट जाते का पाहा. मोठी रिम असेल तर हे आणखी महत्त्वाचे.

उंची पक्की झाल्यावर अलाइनमेंट. आधी नाही. गाडी खाली आली की बहुतेक सस्पेन्शनमध्ये कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) निगेटिव्हकडे जातो, म्हणजे चाकाची वरची बाजू आत झुकते, आणि टो (चाके पुढे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) हीही बदलते. टायरची आतली कड खाणारा मुख्य गुन्हेगार टो आहे, त्यामुळे कॅम्बरला जुळवणीची सोय नसेल तरी टो नक्की सेट करून घ्या. दुकानदाराला आधीच सांगा की गाडी मुद्दाम खाली आहे. रडार क्रूझ कंट्रोल, ३६० अंशांचे कॅमेरे किंवा लेन धरून ठेवणारी यंत्रणा असेल तर तीही तपासून घ्या. नाक १ अंशाने झुकले तरी रडारची दिशा तेवढीच झुकते.

खाली केलेली गाडी थोडी कडक वाटेल. एअर स्प्रिंगमधल्या हवेचे आकारमान कमी झाले की ती तेवढ्याच वजनाखाली जास्त ताठ वागते, आणि बंप स्टॉपपर्यंतचे अंतरही कमी झालेले असते. हे मॉड्यूलचे लक्षण आहे, बिघाडाचे नाही.

नंतर येणाऱ्या तक्रारी

सकाळी एक कोपरा बसलेला: गळती. मॉड्यूलचा संबंध नाही. मॉड्यूल काढूनही तसेच होईल, करून पाहा.

बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरते: मॉड्यूल कायमच्या पुरवठ्यावर आहे आणि झोपत नाही. गाडी कुलूपबंद करून अर्ध्या तासाने क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजा. साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत हवा. मॉड्यूल काढून पुन्हा मोजले की दोषी कळतो.

सर्वात खालच्या उंचीवर लाल संदेश: गाडी बंप स्टॉपवर टेकली आहे, तरीही सरकवलेल्या मापामुळे कंट्रोल युनिटला ती उंचच दिसते. ते हवा सोडत राहते, उंची हलत नाही, ठरलेला वेळ संपतो आणि ते बिघाड नोंदवते. ५-१० मिमी वर घ्या.

कंप्रेसर सारखा चालतो: रोज पार्किंगमध्ये खाली आणि निघताना वर, असा खेळ चालू असेल तर तो थकणारच. दिवसातून एक-दोन वेळा पुरे.

पंक्चर काढताना: गाडी जॅकवर घेण्याआधी मॉड्यूल शून्यावर आणि कंपनीचा जॅक मोड चालू. नाहीतर लटकलेले चाक पाहून कंट्रोल युनिट हवा सोडते, बेलो रिकामा होतो आणि गाडी खाली सोडताना रबर चुकीच्या घडीत चिमटते. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला हे माहीत असायचे कारण नाही. ते तुम्हीच सांभाळायचे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांना लागू होते, आणि निर्मात्याने नोंदणीसाठी दिलेले मूळ तपशील बदलता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सांगितले आहे. मॉड्यूल बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. तोंडी होकार दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तिथे मान्य असलेली कागदपत्रे (उदा. टाइलेगुटआख्टेन, म्हणजे सुट्या भागाचा तपासणी अहवाल) असलेलेच मॉड्यूल घ्यावे आणि बसवल्यावर टीयूव्ही किंवा डेकरासारख्या वाहन तपासणी संस्थेकडून तपासणीची नोंद करून घ्यावी. नाहीतर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच धोक्यात येते.

सर्व्हिसला देताना

गाडी वर्कशॉपमध्ये जाण्याआधी मॉड्यूल शून्यावर आणा, शक्य असेल तर हार्नेस काढून मूळ कनेक्टर परत जोडा. कारण असे की मॉड्यूल चालू असताना कोणी लेव्हल कॅलिब्रेशन केले, तर सरकलेले मापच नवे मूळ माप म्हणून साठवले जाते. नंतर मॉड्यूल काढले की गाडी मूळ उंचीपेक्षा उंच उभी राहते. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावरही आधी शून्यावरची मापे वहीशी ताडून पाहा, मगच जुने आकडे भरा. मूळ मापांच्या त्या पानाचा फोटो फोनमध्ये आणि कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. गाडी विकली तर दोन्ही नव्या मालकाला द्या.